तात्यारावांची अरबी

सल्मा सहा वर्षांची होती आणि तिला अरबीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. तिची आई प्रणिता म्हणजे तात्याराव देवस्थळींची एकुलती एक मुलगी. मस्कतच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरीला गेली, तिथल्याच हिशाम नावाच्या इजिप्तच्या सहकाऱ्याशी तिनं लग्न केलं, आणि सल्मा नीट चालू लागायच्या आत काविळीनं गेली. हिशामनं मुलीला अलेक्झांड्रियाला आपल्या आईकडे ठेवलं आणि तो मस्कतला कामावर परतला. त्यामुळे तात्यारावांच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमधून दर शुक्रवारी लागणारा फोन एका म्हातारीपर्यंत आणि एका मुलीपर्यंत पोचायचा. त्या दोघींना मराठी, हिंदी, इंग्रजी काहीच येत नव्हतं.

मी तेव्हा एम. ए. करत होते आणि प्रणिताच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. शुक्रवारी बाहेरच्या खोलीतून तात्यारावांचा आवाज यायचा, "सल्मा? सल्मा?" पलीकडून नुसता श्वास. मग त्यांच्या पत्नी द्वारकाकाकू रिसीव्हर घ्यायच्या, "बाळा, बाळा" म्हणायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. घरून परदेशी फोन लावता येऊ लागला होता. बोलायचं काय, एवढंच राहिलं होतं.

तात्यारावांनी अरबी शिकायचं ठरवलं.

"अहो, सगळी नोकरी दिल्लीत झाली, तरी भाजीवाला अजून तुमच्या हिंदीला हसतो," काकू म्हणाल्या. "आता अरबी!"

"हसू दे की. तो काय माझा नातू आहे?"

रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे. तिथून त्यांनी पहिलं पुस्तक आणलं. ते कुठल्याशा महायुद्धातल्या गोऱ्या सैनिकांसाठी होतं. विहीर किती लांब आहे, हत्यार खाली टाक, तुझ्या गावात किती घोडे आहेत. दुसरं जामा मशिदीजवळच्या उर्दू बाजारातलं, हजला जाणाऱ्यांसाठीचं. ते उर्दूतून होतं, म्हणून दुकानदारानं वाचायचं आणि तात्यारावांनी देवनागरीत उतरवून घ्यायचं. माझे सोबती हरवले आहेत, माझा तंबू कुठे आहे. तिसरं आखातात जाणाऱ्या मजुरांसाठी, हिंदीतून. साहेब, माझा पासपोर्ट परत द्या.

"बघ अक्षता," ते मला म्हणाले. "सैनिक, यात्रेकरू, मजूर. सगळ्यांची सोय केलेली आहे. लहान मुलीशी बोलायला तिकडे कोणी जातच नाही वाटतं."

शेवटी एक चांगलं जाडजूड व्याकरण मिळालं. तात्याराव जन्मभर सरकारी खात्यात नकाशे काढत आलेले, लिपी त्यांच्या हाताला पटकन वळली. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या त्यांच्या ओळी इतक्या देखण्या यायच्या की मी थांबून बघत राहायचे. शुक्रवारी त्यांनी त्यातलंच एक वाक्य म्हटलं. 'आकाश स्वच्छ आहे.' पलीकडे म्हातारी खूप हसली.

मी परवेझ मुल्लाला घरी घेऊन आले. तो मिरजेचा. मुनिरक्यात खोली करून राहायचा आणि माझ्याच विद्यापीठात अरबी शिकत होता. त्यानं ते वाक्य म्हणून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, ही बातम्यांची भाषा. तिला वाटलं असेल, आकाशवाणी लागली! घरात असं कोणी बोलत नाही."

"मग घरातली भाषा कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही, यार... सॉरी, काका."

पण त्याच्या ओळखीचा एक इजिप्तचा विद्यार्थी होता. परवेझ म्हणाला, तुम्ही मराठीत वाक्यं सांगा, त्याच्याकडून मी कॅसेट भरून आणतो. त्या संध्याकाळी आम्ही चौघं चहा पीत वाक्यं काढत बसलो. आज काय खाल्लंस? दात पडला का? समुद्रावर गेली होतीस का? बाहुलीचं नाव काय? काकू म्हणाल्या, "वेणी कोण घालतं, ते विचारा." त्या घरात एवढं हसू मी आधी ऐकलं नव्हतं.

कॅसेट आली. दाढी करताना, बाल्कनीत नोएडाच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या इमारतींकडे तोंड करून, भाजी आणायला जाताना, तात्याराव ती वाक्यं म्हणत राहिले. परवेझनं परीक्षा घेतली आणि म्हणाला, "बिल्कुल सही."

शुक्रवारी मी दारात उभी होते. तात्यारावांनी विचारलं, आज काय खाल्लंस? इतक्या जोरात आवाज आला की तो मलाही ऐकू आला. "गिद्दू!" म्हणजे आजोबा. आणि सल्मा बोलायला लागली. ती भराभर बोलत होती, मध्येच हसत होती, मध्येच दम घेत होती. तात्याराव हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते. हळूहळू त्या चेहऱ्यावर नुसतं हसू राहिलं, त्यामागे काही राहिलं नाही.

कॅसेटवर फक्त त्यांची वाक्यं होती. तिची उत्तरं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

ती थांबली. मग तिनं काहीतरी विचारलं. आवाज शेवटी वर गेला, म्हणजे प्रश्नच होता. तात्यारावांनी पुढचं वाक्य म्हटलं, दात पडला का? तिनं तेच पुन्हा विचारलं. ते म्हणाले, समुद्रावर गेली होतीस का? तेव्हा तिनं तिसऱ्यांदा विचारलं, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला समजवावं तसं.

"बाहुलीचं नाव काय?" तात्यारावांनी अरबीत विचारलं.

रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ भांड्यांचे आवाज येत राहिले.

सल्मानं काय विचारलं होतं, ते त्यांनी मस्कतला हिशामला फोन करून विचारलं. हिशामनं आपल्या आईकडून मुलीला विचारून घेतलं. तिला आठवत नव्हतं. आता ती फोनवर यायला तयार नाही, असं त्यानं सांगितलं. म्हणते, आजोबा ऐकत नाहीत.

परवेझ पुन्हा आला तेव्हा तात्याराव त्याच्यासमोर ताठ बसले आणि तिनं विचारलेलं म्हणून दाखवू लागले. परवेझला काही अर्थ लागेना. "पुन्हा म्हणा, काका." ते डोळे मिटून पुन्हा म्हणाले, मग पुन्हा. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. न समजलेली भाषा फार दिवस तोंडात राहत नाही. दर खेपेला ते वाक्य थोडं थोडं मराठीसारखं होत गेलं.