जाताना ताई, येताना ए बाई

बाजारामागच्या संडासाच्या दारात स्टूल टाकून बसणाऱ्या बाईला सगळे बादलीमावशी म्हणतात. शिकलेले लोक माणूस ओळखायला जाडजूड पुस्तकं वाचतात. मावशीला एक दार पुरतं. “आत जाताना ‘ताई, जरा लवकर बादली दे’, बाहेर येताना ‘ए बाई, सरक’. एवढ्यात नातं तुटतं बघा.”

मध्यंतरी व्यापारी मंडळाच्या अध्यक्षाला, म्हणजे समोरच्या चपलांच्या दुकानदाराला, अचानक वास यायला लागला. गिऱ्हाईक नाक दाबून पुढे जातं, संडास पाडा, असा त्याने पालिकेत अर्ज टाकला. संडास गेला की त्याला चिकटलेली मावशीची खोली जाणार, आणि त्या खोलीत तिची अंथरुणाला खिळलेली बहीण.

मी पेटलो. संडास वाचवा म्हणून सह्यांची मोहीम काढली. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला अडवून नागरिकांच्या हक्कांवर बोललो. लोक ओले हात झटकत निघून गेले. दुपारपर्यंत कागदावर एक सही, तीही माझीच.

मावशी म्हणाली, “दादा, भाषण झकास आहे, पण वेळ चुकतेय. पोट हलकं झालं की माणसाला हक्कबिक्क आठवत नाहीत. जाताना धरा.”

“ही जबरदस्ती झाली, मावशी.”

“जबरदस्ती त्यांच्या पोटाची. आपण नुसतं पेन पुढे करायचं.”

संध्याकाळपर्यंत कागद भरले. वकील, मास्तर, हवालदार, कुणीही मजकूर वाचला नाही. दिवेलागणीला खुद्द अध्यक्ष घाम पुसत आला.

“मावशे, बाजूला हो!”

“होते की. आधी सही.”

त्याने सही ठोकली आणि आत पळाला.

पालिकेच्या साहेबासमोर दोन्ही अर्ज आले. दोन्हींवर तीच झोकदार सही. “अध्यक्ष, पाडायचं की ठेवायचं?” साहेबाने विचारलं. वाटलं, आता हा लाजेल. पण असली माणसं लाजत नाहीत, बाजू बदलतात. “जुनं पाडून नवं बांधा, हीच तर आमची पहिल्यापासूनची मागणी,” तो म्हणाला.

पाडायला पालिकेकडे पैसा नव्हता. म्हणून आहे त्यालाच रंग लागला, नवे नळ आले, आणि दारावर पाटी चढली: ‘अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून’.

माझं डोकंच फिरलं. कुठूनसा हातोडा घेऊन आलो. मावशी पाटीपुढे उभी राहिली.

“ठेवा तो खाली. तुमचं नाव लागलं असतं तर ह्यानं उद्या परत अर्ज टाकला असता. ज्याचं नाव भिंतीवर, तो भिंत पाडत नाही.”

मग तिने फडकं पिळलं आणि ती पाटी लख्ख पुसून काढली.