दोन घरांतलं दूध

शुक्रवारपासूनच माझे पाय जमिनीवर नव्हते. लेक दोन दिवस मुक्कामाला येणार होती! आम्ही नवरा-बायको वेगळे झाल्यापासून सात वर्षांची पोर आमच्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात तिच्या आईकडे राहत होती. मला ती भेटायची ती कोर्टातल्याच एका खोलीत, मोडक्या खेळण्यांच्या ढिगाऱ्यात, घड्याळाकडे बघत. आता जज मॅडमनी एक शनिवार-रविवार तिला घरी न्यायची परवानगी दिली होती. नंतर मॅडम पोरीशी एकटीशी बोलणार आणि मग दर आठवड्याचं काय ते ठरवणार. वकिलांनी मला बजावलं, "भैया, दो दिन बच्ची को डाँटना मत. एक आँसू भी नहीं."

मी अधारताल मोहल्ल्यातलं माझं घर धुऊन काढलं. गुलाबी मच्छरदाणी आणली. आई म्हणाली, "काहून इतका नाचून राहिला? उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!" स्वतः मात्र सकाळपासून पुरण वाटत बसली होती.

पोर आली. आईनं तिला दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, औक्षण केलं. माझ्या फॅक्टरीतली मित्रमंडळी सहकुटुंब हजर! आपल्या लोकांना समारंभ केल्याशिवाय कुणाला घरात घेताच येत नाही. पोर नव्या फ्रॉकमध्ये सोफ्याच्या अगदी कडेला बसून सगळ्यांना "थँक यू आंटी, थँक यू अंकल" म्हणत राहिली. सगळे गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "पापा, मैं यहाँ पैर ऊपर करके बैठ जाऊँ?"

मला भडभडून आलं. बापाच्या घरात पाय वर घ्यायला परवानगी! त्या औक्षणाचा, पुरणपोळीचा, माझा स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला.

रविवारी सकाळी बघतो तर काय, बाईसाहेब दुधाचा पेला तुळशीच्या कुंडीत रिकामा करताहेत. मी मुळात तापट माणूस. कालपासून दाबून धरलेला आवाज सुटला तो सुटलाच. "दूध ओततेस? ये इकडं! दुसरा पेला भरतोय. संपल्याशिवाय उठायचं नाही!"

आईनं कपाळावर हात मारला. "झालं! साऱ्यावर पाणी फिरवलं यानं."

पोरीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. गाल फुगवले. मग नाक धरून, मला ऐकू जाईल असं गटागटा दूध प्यायली. तशाच पांढऱ्या मिशांनी सोफ्यावर गेली, न विचारता पाय वर घेतले, आणि संध्याकाळपर्यंत रिमोटवरून माझ्याशी भांडली. मला इतका आनंद झाला की विचारू नका! आणि लगेच वकिलांचं बजावणं आठवलं. आता ती जज मॅडमना काय सांगणार?

तारखेला पोर मॅडमच्या खोलीत गेली. बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तिची आई.

"रागावलास तिला?" तिनं विचारलं.

"हो."

"दुधावरून?"

"हो."

तिनं ओढणीआड हसू दाबलं. "माझ्याकडे बेसिनमध्ये ओतते."

तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेटी को डाँटा था आपने?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पोर शेजारीच उभी होती. "जी, डाँटा था."

"शिकायत आई है आपकी. दोनों की. कहती है, मेरे दोनों घर में दूध पूरा पीना पड़ता है."

एवढं म्हणून त्यांनी शनिवार-रविवार माझ्या नावावर लिहायला घेतले. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. दोनों घर! माझं घर तिनं मोजलं होतं!

बाहेर येताच मी पोरीला उचलून गरगर फिरवलं. वकील बघत होते, पट्टेवाला बघत होता, बघू देत. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "पापा, शनिवार को दूध मत देना. प्लीज."

"देणार," मी म्हणालो. "पूर्ण पेला."