गाद्यांनी मोजलेलं घर

आमच्या शेजारचे गादीवाले जगातली प्रत्येक गोष्ट गादीत मोजत. शाळेचा हॉल केवढा, तर साठ गाद्यांचा. नवा शर्ट केवढ्याला, तर अर्ध्या गादीला. तीस वर्षं कापूस भरून आणि दाभण चालवून नजर अशी होते, त्याला इलाज नव्हता. त्यांच्या पत्नी म्हणत, "अहो, कधीतरी उभ्या माणसाचाही विचार करा."

आमची इमारत पाडायची ठरली आणि परवडणाऱ्या भाड्याच्या नव्या घरांचे अर्ज निघाले, तेव्हा हे मोजमाप गंभीर झालं. घरं दोन मापांची होती. लहान एका खोलीचं, अडीचशे चौरस फुटांचं. मोठं दोन खोल्यांचं, पावणेचारशेचं. भाडं, गादीवाल्यांच्या भाषेत, लहानाचं महिन्याला सात गाद्या आणि मोठ्याचं अकरा.

"सातवालंच घ्यायचं," त्यांनी जाहीर केलं. "नमुन्याचं घर मी पाहून आलोय. दोरीच्या अलीकडून पाहिलं, पण पाहिलं. भिंतीला लागून पलंग, त्यावर गाद्या, आणि तरी मध्ये ऐसपैस जागा. आपण तिघं, शिवाय तुझे बाबा, सगळे मावतो."

कॉलेजात जाणारी लेक वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करू लागली. पत्नी म्हणाल्या, "बाबा मावणार नाहीत."

बाबा म्हणजे गादीवाल्यांचे सासरे. बत्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. उंची सहा फूट एक इंच, आणि स्वभाव असा की आपली कुणाला अडचण होतेय अशी नुसती शंका आली तरी खुर्ची सोडून उभे राहायचे. लहान घराचं नाव निघाल्यापासून त्यांनी पिशवी भरायला घेतली होती. "मी धाकट्याकडे जातो," ते म्हणत. धाकट्या मुलाकडे ते मागे महिनाभर राहायला गेले होते आणि चौथ्या दिवशी परत आले होते. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. एकदा माप लिहून दिलं की बदल नाही. लहान घराचा अर्ज खिशात घालून गादीवाले निघाले, तशा पत्नी दारात आडव्या आल्या. "आधी मला ते घर दाखवा. बाबा, तुम्हीही चला. आणि बाई, तुम्ही साक्षीला," हे शेवटचं मला.

अशी आमची चौघांची वरात नमुन्याच्या घरात पोचली. त्या दिवशी दोरी काढलेली होती. खोली खरोखरच मोकळी वाटत होती. गादीवाल्यांनी पत्नीकडे विजयी नजरेने पाहिलं, सवयीने पलंगावरच्या गादीवर हात फिरवला, आणि तो हात कोपऱ्याशी थांबला.

"हा दुहेरी टाका माझा आहे," ते हळूच म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. चार महिन्यांपूर्वी एकाने त्यांच्याकडून पाच फुटी, अरुंद अशा सहा गाद्या शिवून नेल्या होत्या. कशासाठी, हे यांनी विचारलंच नाही. माप बघून मुलांचं वसतिगृह असणार असं स्वतःच ठरवलं, लेकरांना टोचू नये म्हणून कापूस निवडून भरला आणि वर भावही कमी लावला. त्याच आखूड गाद्या आखूड पलंगावर टाकून ही खोली ऐसपैस दाखवली होती.

"लेकरं आली बघा," पत्नी म्हणाल्या. "पिकल्या केसांची."

गादीवाले सरळ पलंगावर आडवे झाले. पावलं बाहेर.

"काका, उठा! ते फक्त बघायचंय," घर दाखवणारी मुलगी धावत आली.

"गादी काय बघायला असते, पोरी? बाबा, तुम्ही या. आडवे व्हा."

सासरे संकोचत, घर बघायला रांगेत आलेल्या सगळ्यांची माफी मागत आडवे झाले. त्यांच्या पोटऱ्या बाहेर आल्या. तेवढ्यात न्हाणीघर बघून एक गृहस्थ बाहेर पडू लागले, आणि दार बाबांच्या तळव्यांवर अडलं. बाबा लगेच उठू लागले.

"उठू नका," जावई म्हणाले. इतक्या मोठ्याने की गृहस्थही आतच थांबले. "अकरावालंच घ्यायचं."

आता पत्नींचाच धीर सुटला. "दर महिन्याला चार गाद्या जास्त. झेपेल?"

"मी कापूस भरेन," बाबा पडल्यापडल्या म्हणाले. "बत्तीस वर्षं पुड्या बांधल्यात."

"नको!" जावई म्हणाले. "तुमच्या हातची गादी लोक दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्यायचे."

बाबा हसले. पंधरा दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

अर्जांच्या खिडकीवर गादीवाल्यांनी नवा अर्ज मागून घेतला. घर मोठं, माणसं चार. चौथ्या माणसाचं नातं: सासरे. मग त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि कारकुनाला विचारलं, "उंचीचा रकाना कुठाय?"

"तसा रकाना नसतो."

"मग असली घरं निघणारच," गादीवाले म्हणाले, आणि त्यांनी समासात ठळक अक्षरात लिहून टाकलं: सहा फूट एक इंच.