बांचा आवाज ओळखणारी पिल्लं

आमची कोंबडी अंड्यांवर बसली त्याचा चौदावा दिवस. संध्याकाळी ऑफिसातून आले तर परसात नुसती पिसं पसरलेली. मांजरानं डाव साधला होता. टोपलीतली नऊ अंडी मात्र तशीच होती, हाताला गार लागत होती.

कोंबडी नवऱ्याच्या कंपनीतल्या एका ड्रायव्हरनं करजणजवळच्या त्याच्या गावाहून आणून दिली होती. अकोट्यातल्या आमच्या घरामागं दोन खाटा मावतील एवढी जागा. ती खुडूक झाली, दाणापाणी सोडून कोपऱ्यात बसून राहायला लागली, तेव्हा त्याच्याच घरची अंडी मागवून मी तिच्याखाली ठेवली होती.

"टाकून दे आता," नवरा म्हणाला. "आईच गेली, ती काय निघणार!"

टाकण्याआधी एकदा बघावं म्हणून एक अंडं न्हाणीघरात नेलं, दिवा बंद केला आणि खालून मोबाइलचा टॉर्च लावला. कवच आतून शेंदरी उजळलं. लाल शिरांचं जाळं, आणि मधे काळसर गोळा. तो हलला. माझ्या हातात रोजच्या पाहण्यातलं साधं अंडं होतं, आणि त्यात कुणीतरी कूस बदलत होतं.

थर्माकोलचा खोका, पिवळा बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर असं सगळं तासाभरात जमवलं. टॉर्चवर पाहिलं तर दोन अंडी कोरी निघाली, सात खोक्यात ठेवली. पण अंडी दिवसातून चार-पाचदा उलटावी लागतात, आणि आम्ही दोघंही सकाळी नऊला घराबाहेर.

शेजारी एक गुजराती बाई एकट्या राहतात. सत्तरी ओलांडलेल्या. सगळे त्यांना बा म्हणतात. त्यांच्या घरात अंडं कधी शिरलेलं नाही, आणि कोंबडी आणल्यापासून त्या आमच्याशी 'जय श्रीकृष्ण'पुरतंच बोलत होत्या. खोक्याची खटपट त्यांनी भिंतीवरून पाहिली आणि काय चाललंय ते विचारलं. सांगण्यापेक्षा मी त्यांना न्हाणीघरात नेऊन दाखवलं.

"आमां जीव छे?" त्यांनी अगदी हळू विचारलं. ह्यात जीव आहे?

"हा बा, छे."

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किल्ली देऊन जा. कधी कधी उलटायचं तेवढं सांग."

कुठली बाजू वर ते कळावं म्हणून मी पेन्सिलीनं फुली मारणार होते. बांनी घरून कंकू आणलं आणि साती अंड्यांना एकेक टिळा लावला.

शेवटचे तीन दिवस अंडी हलवायची नसतात, म्हणून अठराव्या दिवशी उलटणं थांबवलं. विसाव्या दिवशी दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. "लवकर ये. आतून बोलतायत!"

रिक्षा करून पोहोचले. बा खोक्याला कान लावून बसल्या होत्या. कवचाला अजून तडाही नव्हता, पण आतून चिवचिव ऐकू येत होती. लेकराशी बोलावं तशा बा म्हणाल्या, "हं दीकरा, बोल." आतून लगेच उत्तर आलं. त्या पुन्हा बोलल्या, पुन्हा उत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या अंड्याला टिकलीएवढं भोक पडलं. चोच दिसली, तिच्या टोकावर कवच फोडण्यासाठीच आलेला पांढरा कण. पिल्लू दोन टोले मारी आणि निपचित पडे. नवऱ्याला राहवेना. "थोडं सोलू का?"

"नको," मी म्हटलं. "घाई केली तर रक्त येतं."

आम्ही दोघांनी रजा टाकली; दुपारपर्यंत आम्ही तिघं जेवण विसरून बसलो होतो. शेवटी टोपण उघडावं तसं कवच दुभंगलं आणि ओला, वाकडातिकडा जीव बाहेर लोळला. बांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत पाच आली. दोन अंडी शांतच राहिली. ती मी परसात पुरली.

गंमत अशी की सगळा अभ्यास माझा, पण पिल्लं धावायची बांच्या आवाजाकडे. मी कणी घेऊन कितीही बोलावलं तरी ती खात खात मधेच मान वर करत. भिंतीपलीकडून "आवो, आवो" आलं की पाचही सुसाट. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी ती पायांनी माती उकरू लागली. दोनदा मागं ढकलायची, एक पाऊल मागं सरायचं आणि खाली बघायचं, अगदी मोठ्या कोंबडीसारखं. एकदा वरून घार गेली तर पाचही जागच्या जागी गोठली. त्यांनी आई पाहिलेली नव्हती.

"ह्यांना कुणी शिकवलं?" बांनी विचारलं.

मी बी.एस्सी. झालेली बाई. "माहीत नाही, बा," एवढंच म्हणाले.

पाचांतले दोन कोंबडे निघाले. पहाटेच्या आरवण्यानं गल्ली वैतागली, तेव्हा ते करजणकडे परत गेले. तिघी कोंबड्या इथंच आहेत. त्यांची अंडी आम्ही खातो, बा अजूनही शिवत नाहीत. पण रोज चारला त्या पाट घेऊन आमच्या परसात येतात आणि बाजरीच्या रोटल्याचे तुकडे, पपईच्या बिया, उन्हाळ्यात कलिंगडाच्या साली तिघींना हातानं भरवतात. लाल गर टोचून टोचून साल कागदासारखी पातळ होईपर्यंत तिथून कुणीच हलत नाही, बासुद्धा नाहीत.