सांगता येत नाही

नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलात चार वर्षं माझ्या खोलीत राहिलेल्या मुलीइतका विचार करून केस विंचरणारं माणूस अख्ख्या देवगड तालुक्यात दुसरं जन्मलं नसेल. भांग डावीकडे पाडावा की उजवीकडे, यावर ती आरशासमोर एवढा वेळ घालवायची की शेवटी तो कंटाळून मधूनच पडायचा. मेसमध्ये भात की चपाती या प्रश्नापाशी ती अडली, की तिच्यामागे रांग थेट दारापर्यंत जायची. मोठा निर्णय असला तर ती आधी स्वतःचं ब्लडप्रेशर मोजायची. मग डाव्या हाताचं खरं की उजव्या हाताचं, यावर वेगळी चर्चा.

सल्ला ती कोणाकडेही मागायची. शेवटच्या वर्षी, पुढं नोकरी कुठं करायची, हे तिनं वॉर्डातल्या हर्नियाच्या आजोबांनाच विचारलं. आजोबा उठून बसले. "गो बाय, तू खंय जातलंस ता माका काय इचारतंस? उद्या माझां ऑपरेशन आसा!"

त्याच सुमारास पुण्याहून एक मॅडम आल्या. करिअरचा निर्णय घ्यायला आमच्या मनाची कितपत तयारी आहे, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांनी चाळीस विधानांचा फॉर्म वाटला. हिनं चाळीसही ठिकाणी 'सांगता येत नाही' वर खूण केली, तीही पेन्सिलीनं. मॅडमनी तिला प्रेमानं जवळ बसवलं आणि मनातल्या भीती कागदावर लिहायला सांगितल्या. तिनं लिहिलं: 'मुंबई – रस्ता ओलांडणे. दुबई – मासे कोणते मिळतात माहीत नाही. गाव – सगळे ओळखतात, इंजेक्शन दुखलं तर आईपर्यंत तक्रार जाते.' मॅडमनी कागदाची घडी घातली आणि पाणी मागितलं.

ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. दुपारी जेवताना आजोबांच्या घशात घास अडकला. डोळे पांढरे, ओठ निळे. मी दारात जाऊन "डॉक्टर! डॉक्टर!" ओरडत होते. बाकीच्या मुली पुतळ्यासारख्या उभ्या. आणि ही, जिला चपाती निवडता येत नव्हती, तिनं आजोबांना पुढं वाकवलं आणि पाठीवर तळहातानं असे जोरदार फटके मारले की तिसऱ्या फटक्याला घास थेट समोरच्या खाटेवर! आजोबांनी श्वास घेतला. ही मटकन स्टुलावर बसली.

"एवढ्या पटकन कसं गो सुचलं तुला?" मी विचारलं.

"इचार करूक वेळच नाय गावलो," ती रडवेली होऊन म्हणाली. मग सिस्टरांनी नोंद लिहायला सांगितली, तेव्हा तिनं विचारलं, "निळ्या पेनानं लिहू की काळ्या?"

नोकरीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आला. मुंबईचं मोठं हॉस्पिटल किंवा गावाकडचं उपकेंद्र. मी अर्ध्या मिनिटात मुंबई लिहिलं. ती ऑफिसबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होती. ऑफिस बंद व्हायला आलं तेव्हा आत गेली आणि मिठबावजवळचं उपकेंद्र लिहून आली. तेही पेनानं.

"नक्की ना?" मी विचारलं.

"आमच्या वाडीत कोणाचो घास अडाकलो तर थंय कोण आसा?" ती म्हणाली. एवढंच.

आता ती पोरांना लस टोचते. बीसीजी डाव्याच दंडावर द्यायची हे सरकारनंच ठरवून दिल्यामुळे ती सरकारवर बेहद्द खूश आहे. इंजेक्शन दुखल्याच्या तक्रारी आईपर्यंत नियमित पोचतात.

परवा मला मुंबईत तिचा फोन आला. वाडीतल्या बातम्या सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "तुका थंय बरां वाटता मां गो?"

"हो, मस्त," मी लगेच म्हणाले.

ती पलीकडून म्हणाली, "घाई नको करू. इचार करून सांग."

अजून मी तिला सांगितलेलं नाही.