भत्त्याचा फोन

बस डेपोत तिला सगळे घोषणाबाई म्हणत. खरं नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकात. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, कोणती रद्द झाली, हरवलेली पिशवी कुठे मिळेल, हे गेली बावीस वर्षं लोक तिच्याच तोंडून ऐकत आले होते. ती काचेच्या खोलीत बसून बोलायची आणि बाहेर शे-दोनशे माणसं एकदम माना वर करायची. ड्रायव्हर मंडळी थट्टा करत, "बाई, तुम्ही घरात जेवायला हाक मारलीत की शेजारचेही हात धुऊन येत असतील." आवाज होताच तसा. चढा नव्हता, पण स्वच्छ होता. अक्षर न अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं.

त्या आवाजापायीच सात वर्षांपूर्वी निर्वाह खात्यानं तिला आठवडाभर डेपोतून मागून नेलं होतं. थकलेली माणसं, अपंग, कामावर जायबंदी झालेले, असे जे सरकारी भत्त्यावर जगत, त्यांना फोनवरून सूचना द्यायच्या होत्या. भिंतींना जाड स्पंज लावलेल्या एका खोलीत बसून तिनं शेकडो ओळी वाचल्या. आकडे, महिने, "कृपया थांबा", "आपला अर्ज मिळाला", "आपला अर्ज नामंजूर झाला". त्या खोलीत स्वतःचा आवाज कानावर परत येत नसे. आपण बोलतोय ते कुणीतरी समोर बसून गिळतंय, असं तिला सारखं वाटे. काम संपलं, तिनं सही केली आणि विसरून गेली.

ती आईबरोबर राहायची, कुलूप-किल्लीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. लग्न वेळेवर जमलं नाही आणि नंतर जमवायचा कंटाळा आला. आईनं एकतीस वर्षं बटणांच्या कारखान्यात बटणांना पॉलिश केलं होतं आणि त्या भुकटीनं तिचे डोळे नेले होते. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळे. माणसं ती आवाजावरून ओळखायची. खात्याचा भत्ता तिला मिळे तो त्या डोळ्यांपायी.

मोठा भाऊ रविवारी यायचा. तो घरसामान हलवणाऱ्या कंपनीत मुकादम होता, बोलायला सडेतोड. त्या वर्षी जिथं तिथं एकच विषय होता, भत्ता चालू ठेवावा की नाही. वर्तमानपत्रात तेच, केस कापायला बसलं तरी तेच. भलतेच लोक भत्ता खातात, असं सरकारचं म्हणणं होतं. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाला फोन जायला लागला होता. फोन विचारी, "आपण आहात का? असाल तर हो म्हणा." सलग तीनदा हो म्हटलं नाही की भत्ता थांबे. पुढची पायरी म्हणून ज्यांची मुलं कमावती आहेत त्यांचा भत्ता काढून घ्यायचा बेत होता. दादाला तो पटला होता. ज्याला हातपाय आहेत त्यानं ते हलवावेत, आणि आईबापांना मुलांनी बघावं, सरकारनं नव्हे, असं तो ताटावर बसून ठासून सांगायचा. बहीण म्हणायची, आईनं एकतीस वर्षं दिलीत, आता चार दिवस तिला कुणाच्या तोंडाकडे बघायला लावू नका. दोघांचे आवाज चढले की आईचा घास हातातच थांबे. ती मध्ये कधी पडली नाही.

एका दुपारी डेपोतली वीज गेली. भोंगेच मुके झाल्यावर घोषणाबाईचं काय काम, म्हणून ती घरी आली. जिना चढताना आईचं बोलणं कानावर पडलं. आई एरवी मोजून बोलणारी. आता मात्र एखाद्या जुन्या मैत्रिणीशी बोलावं तशी भरभरून बोलत होती, मध्येच हलकं हसत होती. "तेव्हा तू पोटात होतीस," ती म्हणत होती, "आणि मी सरळ घर सोडून निघाले होते. स्टेशनपर्यंत गेले. हे तुझ्या बापाला शेवटपर्यंत कळलं नाही."

घोषणाबाईनं दार ढकललं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आई खाटेच्या कडेला बसली होती आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. दाराचा आवाज झाला तशी ती फोनमध्ये म्हणाली, "थांब हं, कुणीतरी आलंय." मग दाराकडे तोंड करून तिनं विचारलं, "कोण?"

"मी."

आईच्या कपाळावर आठी पडली. तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला, जरा वेळ ऐकलं, आणि पुन्हा दाराच्या दिशेनं विचारलं, "मी म्हणजे कोण?"

 घोषणाबाईनं पुढं होऊन रिसीव्हर घेतला. पलीकडून तिचाच आवाज शांतपणे म्हणाला, "आपलं उत्तर समजलं नाही. धन्यवाद." आणि फोन बंद झाला.

तिनं आईला सगळं समजावून सांगितलं. हे यंत्र आहे, मी फार पूर्वी बोलून ठेवलेलं आहे, त्याला फक्त हो म्हणायचं. आईनं ऐकून घेतलं. "एवढं कळतं मला," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

पंधरा दिवसांनी खात्याचं पत्र आलं. सलग तीन फोनना योग्य उत्तर न मिळाल्यामुळे भत्ता थांबवण्यात आला आहे. आई तीन महिने त्या फोनशी बोलत होती, आणि एकदाही हो म्हणाली नव्हती.

पत्राखाली तक्रारीचा नंबर होता. घोषणाबाईनं तो जेवणाच्या सुट्टीत फिरवला. तिच्याच आवाजानं तिचं स्वागत केलं, तिच्याच आवाजानं तिला थांबायला सांगितलं. मग तो आवाज म्हणाला, "आपल्या आईचं उत्तर मिळालेलं नाही."

 त्या स्पंजच्या खोलीत तिनं आई हा शब्द उच्चारलाच नव्हता. वाचलेल्या ओळींत तो कुठंही नव्हता. आणि फोनवर तो तसाच आला होता, जसा ती घरात उच्चारायची, शेवटी किंचित खाली पडणारा.

ती थेट खात्यात गेली. तिथल्या अधिकारी बाई वागायला चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी सांगितलं की जुन्या ओळी आता वापरतच नाहीत. यंत्र तिचा आवाज शिकलं आहे आणि हवं ते आपलं आपण बोलतं. सहीच्या कागदात तशी परवानगी आहे.

"पण आई म्हणायला ते कुणाकडून शिकलं?" घोषणाबाईनं विचारलं.

 अधिकारी बाई म्हणाल्या, ते मलाही माहीत नाही, तुम्ही सुनावणीला या, भत्त्याच्या नव्या नियमांवर लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत, तिथं तुमचं म्हणणं मांडा.

मधल्या काळात फोन यायचे थांबले. आईचं बोलणं मात्र थांबलं नाही. एकदा घोषणाबाई आंघोळ करून बाहेर आली तर आई रिसीव्हर कानाशी धरून पुटपुटत होती. फोन वाजलाच नव्हता. तिनं हलक्या हातानं तो काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. त्यात टूं असा आवाज यायला हवा होता. तो येत नव्हता. नुसती बंद, जाड शांतता होती, आणि आपण काहीतरी बोलावं म्हणून ती थांबून राहिली आहे, असं वाटत होतं. घोषणाबाईनं एक अक्षरही न बोलता रिसीव्हर जागेवर ठेवला. त्या दिवसापासून डेपोतल्या माइकचं बटण दाबण्याआधीही ती थांबू लागली.

सुनावणी शनिवारी सकाळी पालिकेच्या सभागृहात होती. खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. मंचावर समितीचे तीन सदस्य आणि त्या अधिकारी बाई. आधी एक बेकरीवाला बोलला. मी पहाटे तीनला उठतो, कर भरतो, माझा हात भाजला तर मला कुणी भत्ता देत नाही, मग मी दुसऱ्यासाठी का भाजून घ्यायचं, असा त्याचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. मग एक नर्स बोलली. भत्ता थांबल्यावर औषधाची अर्धी गोळी खाणारी माणसं तिनं पाहिली होती. दोन्हीकडून टाळ्या पडत होत्या, दोन्हीकडून कुजबुज होत होती. मागच्या रांगेत दादा बसला होता. भत्ता कमी करा म्हणून बोलणाऱ्यांच्या यादीत त्यानं नाव दिलं होतं.

घोषणाबाईला पुकारलं. ती माइकसमोर उभी राहिली आणि बावीस वर्षांच्या सवयीनं तिनं पहिल्यांदा विचारलं, "मागे बसला आहात, आपल्याला ऐकू येतंय का?"

पहिल्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "हो."

त्याच्या मागची बाई म्हणाली, "हो." मग डावीकडून कुणी, मग खिडकीपाशी कुबडी धरून उभा असलेला माणूस. हळू, सपाट, एकामागून एक. सभेत लोक मिळून ओरडतात तसं ते नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या घरात एकटा बसल्यासारखा, मान खाली घालून म्हणत होता. एका बाईनं रिकामा हात कानाशी नेला होता. ज्यांना भत्ता मिळत नव्हता ते बावरून आजूबाजूला बघू लागले. आपल्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते त्यांना आत्ता कळत होतं. बेकरीवाला तर अर्धवट उठून उभाच राहिला होता.

आणि मागच्या रांगेत, हातातल्या कागदाची सुरळी करत, दादा म्हणाला, "हो."

  लिहून आणलेलं भाषण घोषणाबाईला वाचवेना. तिनं माइकचं बटण बंद केलं, दोन पावलं पुढं आली आणि साध्या, बसलेल्या आवाजात बोलली.

"त्या फोनवरचा आवाज माझा आहे. पण विचारते ती मी नाही. माझ्या आईनं तिला तीन महिने आपला सगळा जन्म सांगितला, फक्त हो म्हणायचं राहिलं. म्हणून तिचा भत्ता बंद झाला. तिथं कुणी माणूस असता, तर त्याला पहिल्या वाक्यालाच कळलं असतं की ही बाई आहे, जिवंत आहे आणि तिला दिसत नाही."

एवढं बोलून ती बाहेर पडली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

दादा तिला फाटकाशी गाठून तिच्याबरोबर चालू लागला.  मग त्यानंच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी जिन्यात कपाट अंगावर आलं, पाठीचा मणका दुखावला. मुकादम तो आता नावापुरता होता, अर्धा दिवस बसून राहायचा. बाकीचं भत्त्यावर भागत होतं.

"मग घरी येऊन बंद करा, बंद करा म्हणून का ओरडतोस?"

"ओरडलं की जरा बरं वाटतं," दादा म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "आणि तुला ठाऊक आहे, असंच मी धरून चाललो होतो. दर महिन्याला तूच तर विचारायचीस, आहात का म्हणून. मी हो म्हणायचो. मला वाटायचं, तू आईला सांगत नाहीस, एवढे तुझे उपकार."

 तिनं त्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

दोन महिन्यांनी निर्णय लागला. कमावत्या मुलांचा नियम तूर्त बाजूला पडला. फोन चालू राहिले, पण दोनदा उत्तर आलं नाही तर भत्ता थांबवण्याआधी घरी माणूस पाठवायचं ठरलं. आवाजही बदलला, आता एक पुरुष बोलू लागला. आईचा भत्ता पुन्हा सुरू झाला. पहिला फोन आला तेव्हा तिनं शहाण्यासारखं हो म्हटलं आणि रिसीव्हर ठेवून दिला. त्यानंतर फोनवर ती कधीच बोलली नाही.

मुलगी मग सुट्टीच्या दुपारी मुद्दाम तिच्याजवळ बसू लागली. गुडघा, पाणी, शेजारच्यांचा रेडिओ, एवढ्यावरच आईचं बोलणं संपे. एकदा तिनं धीर करून विचारलं, तू घर सोडून स्टेशनवर गेली होतीस ते का, आणि परत का आलीस.

"तुला कशाला?" आई म्हणाली. "तिला सांगितलंय सगळं."

घोषणाबाई पुन्हा खात्यात गेली. अधिकारी बाईंनी बघून सांगितलं की फोनवरचं फक्त हो तेवढं ठेवतात, बाकीचं त्याच दिवशी पुसलं जातं. पुढच्या थंडीत आई झोपेतच गेली.

डेपोची नोकरी तिनं सोडली. घरोघर जाऊन बघणारी माणसं खात्याला हवी होती, त्यासाठी तिनं अर्ज केला. आता ती दारं ठोठावते, जिने चढते, खाटेच्या कडेला बसते. कागदावर एका घराला दहा मिनिटं लिहिलेली आहेत, तिला तास लागतो, त्यावरून वरिष्ठ कुरकुरतात. मागच्या आठवड्यात ती अंथरुणाला खिळलेल्या एका बाईकडे गेली होती. तिनं सवयीनं विचारलं, कसं चाललंय, काही सांगायचंय का.

त्या बाईनं डोळे न उघडता ओळखीचं हसून म्हटलं, "मागेच तर सांगितलं तुला. सगळं रडून सांगितलं."

घोषणाबाईनं पेन बाजूला ठेवलं. घसा साफ करून तिनं त्या बाईचा हात हातात घेतला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.