बोलून खेळलेला डाव

माझे काका लिफ्ट दुरुस्त करतात. या कामाला दोन माणसं लागतात, एक वर यंत्राच्या खोलीत आणि एक खाली खड्ड्यात. मध्ये आठ-दहा मजले असतात, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून काहीही करण्याआधी ते मोठ्याने सांगायचं आणि मगच हात लावायचा. 'वीज बंद करतोय.' 'दोर सोडतोय.' तीस वर्षं असं काम केलेला माणूस घरी चहा गाळतानाही 'गाळतोय' म्हणतो. काकू पूर्वी त्यावरून चेष्टा करायची. 'मला सांगताय की किटलीला?' असं विचारायची.

मग तिची नजर गेली. आधी कडा गेल्या, नंतर मधलं. चार वर्षांत दिवा लागलाय की विझलाय एवढंच कळायचं उरलं. चेष्टा आपोआप थांबली.

नदीचा खेळ घरात आणला तो काकूने. पटावर एक नदी, तिचे दोन फाटे आणि सहा बंदरं. चौघांनी आपापल्या होड्या समुद्रापर्यंत न्यायच्या, वाटेत मीठ, लाकूड, कापड चढवायचं, अदलाबदल करायची. दगडाचे दोन पत्ते हातात असतील तर पूल बांधून मागच्यांची वाट अडवता येते. बारा फेऱ्यांत ज्याचा माल जास्त पोचला तो जिंकला. काकू शहरातल्या स्पर्धेत दोनदा अंतिम फेरीपर्यंत गेली होती आणि दोनदा हरली होती.

नजर गेल्यावर काकांनी कानशीने होड्यांवर खाचा पाडल्या आणि खेळ चालू राहिला. नियम एकच वाढला: चाल आधी बोलायची आणि ती का करतोय तेही सांगायचं. 'का' ही काकूची मागणी होती. होडी कुठे गेली हे ऐकून पट दिसत नाही, कशासाठी गेली हे कळलं की दिसतो, असं ती म्हणायची. सगळेच सगळं सांगत असल्यामुळे आमच्या घरी कुणाला कुणाला फसवता येत नसे. तरी काकूच जिंकायची.

स्पर्धेत मात्र घड्याळ लावतात. पट चाचपायला वेळ पुरत नाही. म्हणून तिने स्वतः भाग घेणं सोडलं आणि काकांना पुढे केलं. सहाव्या वर्षी काका अंतिम फेरीत पोचले.

"यंदा जिंकूनच या," घरातून निघताना ती म्हणाली. "मी दोनदा हात हलवत परत आलेय."

सामना एका वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. काकांच्या समोर दातांची एक डॉक्टर बसली होती, उजवीकडे गणित शिकवणारे एक सर आणि डावीकडे एक ट्रकचालक. काकू आणि मी पहिल्या रांगेत होतो. दुसऱ्याच फेरीत मी काकूच्या कानाशी लागून पट सांगायला लागले, तर पंचांनी बोट ओठांवर ठेवलं. प्रेक्षकांनी कुजबुजायचं नाही. त्यानंतर मी गप्प बसले.

पहिल्या सहा फेऱ्या काका फार सुंदर खेळले. चौघांच्या खेळात पुढे असणं धोक्याचं असतं, कारण बाकीचे तिघं पुढच्याच्याच मागे लागतात. काका हट्टाने दुसऱ्या जागी राहिले. सरांना पुढे जाऊ दिलं, डॉक्टर आणि ट्रकचालक सरांना अडवण्यात गुंतले, आणि काकांच्या होड्या तेवढ्यात निमूटपणे माल चढवत राहिल्या. तोंडातून शब्द निघू नये म्हणून त्यांनी डावा हात ओठांवर दाबून धरला होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, यांचाच दात दुखतोय.

मध्यंतरात ते घाम पुसत आमच्याकडे आले. सगळं जमून येतंय, असं त्यांनी काकूला सांगितलं.

"कंटाळलीस का?"

"नाही हो. घड्याळाची बटणं ऐकतेय."

काकांनी रुमालाची घडी घातली. काकूच पुढे म्हणाली, "मी दोन्ही वेळा हरले, पण सगळं बघून हरले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत असावी.

 काका तडक पंचांकडे गेले. आपली चाल मोठ्याने बोलली तर चालते का, असं त्यांनी विचारलं. पंचांनी नियमांची वही उघडली. स्वतःची चाल बोलायला हरकत नाही, दुसऱ्याच्या चालीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, घड्याळ थांबणार नाही. आणि यात नुकसान तुमचंच आहे हे कळतंय ना, असंही त्यांनी विचारलं. काका म्हणाले, कळतंय.

सातव्या फेरीला काकांचा आवाज हॉलभर ऐकू गेला. "माझ्या दोन होड्या. एक तिसऱ्या बंदरात, तिच्यात दोन लाकूड. दुसरी डाव्या फाट्यावर, मीठ. लाकडाची पुढे नेतोय."

काकूची पाठ ताठ झाली. पण चौघांतला एकच आवाज. पाऊण पट अजून अंधारातच होता.

आठव्या फेरीत डॉक्टरने होडी उचलली, काकूकडे एकदा पाहिलं आणि खाली बघतच म्हणाली, "मी पाचव्या बंदरात. तिथे मीठ चढवतेय." तिला तसं अवघड गेलं नसावं. रोज लोकांना आधी सांगूनच सुई टोचत असणार. ट्रकचालकाने आपलं तीन शब्दांत उरकलं: "उजवा फाटा. कापड." राहिले सर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आता मी एकटाच वाईट का दिसू," ते म्हणाले आणि बंदरांच्या क्रमाने आपल्या होड्यांची सगळी मोजदाद सांगून टाकली, फळ्यावर लिहितात तशी.

त्या तिघांपैकी कुणाचंही नाव मला आजही नीट आठवत नाही. अंतिम सामन्यात, घड्याळ चालू असताना, एका अनोळखी बाईसाठी त्यांनी आपापली मिनिटं खर्च केली. त्यांची आठवण आली की मला अजून भरून येतं.

दहाव्या फेरीत काकांचा घात झाला. पट त्यांच्या बाजूने होता आणि दगडाचे दोन पत्ते त्यांच्या हातात लपलेले होते. ते म्हणाले, "कापड सोडतोय. दगड धरून ठेवतोय, कारण शेवटच्या फेरीत डाव्या फाट्याच्या तोंडाशी पूल..."

ते थांबले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाकीच्यांनी चाली सांगितल्या होत्या, त्यामागचं कारण कुणीच सांगितलं नव्हतं. ते फक्त आमच्या घरी सांगतात.

पुढच्या फेरीला सर डाव्या फाट्याची वाट सोडून उजव्या फाट्याला वळले. तेही त्यांनी प्रामाणिकपणे मोठ्याने सांगितलं. सर जिंकले, डॉक्टर दुसरी, काका तिसरे. काकांनी तिघांचेही हात हातात घेऊन आभार मानले.

"अहो, आभार कसले," सर ओशाळून म्हणाले. "तुम्ही सांगितलंत म्हणून तर मी जिंकलो."

"असू दे. तुम्ही बोललात," काका म्हणाले.

परतताना बस रिकामी होती. काका-काकू एका बाकावर, मी मागे. दोन थांबे गेले. मग काकांनी घसा साफ केला.

"चुकलंच गं. तोंडातून निघून गेलं."

"पुलाचं म्हणताय? पुलाने नाही हरलात तुम्ही." काकू त्यांच्याकडे वळली. "आठव्या फेरीत डॉक्टरबाई मीठ घेऊन पाचव्या बंदरात बसल्या होत्या. तुमच्याकडे कापड पडून होतं. नवव्याला अदलाबदल मागितली असतीत तर पुलाची गरजच नव्हती."

काकांनी डोळे मिटून हिशेब मांडून पाहिला. "हो की," ते हळूच म्हणाले.

"मी ओठ चावून बसले होते. आणि त्या ट्रकवाल्या भाऊंना एकदा घरी खेळायला बोलवा. हात चांगला आहे, नुसती घाई करतात."

काका हसले. मग म्हणाले, "म्हणजे दिसलं तुला."

"सातव्याला तुमचं दिसलं, आठव्यापासून सगळं. आता आधीच्या सहा सांगा. सावकाश, आणि कारणासकट."

काकांनी पहिल्या फेरीपासून सुरुवात केली. आमचा थांबा आला तेव्हा चौथी फेरी चालली होती. ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे पाहिलं. मी मान हलवून त्याला पुढे जायची खूण केली.